पावणेसात मासे लोखंड

भाच्याचा फोन एरवी रविवारी सकाळी येतो, कारण तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते. गेल्या सप्टेंबरात तो एका बुधवारी पहाटे साडेपाचला वाजला. मी अंगणात बंबात काड्या घालत होतो, आणि अशा अवेळी आलेल्या फोनने मनात जे येते तेच आधी आले. पण त्याने ख्यालीखुशालीही न विचारता, मोबाईलवर फोटो पाठवले आहेत ते पाहा, एवढेच सांगितले. फोटोंमध्ये बाणाची तीन पाती होती, ओट्यावर पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी मांडलेली, आणि मापासाठी बाजूला एक नाणे ठेवलेले. "मामाजी, याच्यातलं कोनतं लावू? शनवारी हंगाम सुरू होऊन राह्यला," तो म्हणाला.

भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन शहराजवळ राहतो, संगणकाची नोकरी करतो आणि गेली काही वर्षे परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. मी नागपूर जिल्ह्यातल्या पारशिवनी तालुक्यात राहतो, शाळेतून निवृत्त झालो आहे, आणि आयुष्यात कोणत्याही जनावरावर कधी बाण सोडलेला नाही. तरीही हा प्रश्न त्याने मला विचारावा याला कारण आहे. आमचे घर लोहाराचे. आजोबा, म्हणजे आमचे आबाजी, नांगराचे फाळ आणि वखराचे लोखंड पाजवण्याच्या जोडीला बाणांची पातीही घडवत; पेंचच्या वरच्या अंगाच्या जंगलगावांतले गोंड त्यांच्याकडे येत, हवा असलेला आकार कोळशाने फरशीवर काढून दाखवत, आणि दुपारभर भात्यापाशी बसून राहत. (बाण ठेवायचा तोही भाता आणि विस्तव फुंकायचा तोही भाता, या गोष्टीची लहानपणी मला फार गंमत वाटे.) आमच्याच तालुक्यात नायकुंडला शिळावर्तुळांच्या काळातली, अडीच हजार वर्षांहून जुनी, लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली, तेव्हा बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "आपल्याच कोन्यातरी बुढ्याची असन."

तिकडे पात्याचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. हरणासाठी जी पाती विकली जातात त्यांत १०० आणि १२५ ग्रेनची सर्वांत जास्त असतात. ग्रेन म्हणजे काय हे भाचा समजावू लागताच मी त्याला थांबवले, कारण इंग्रजी अमलात तोळा १८० ग्रेनचाच ठरला होता. तोळ्याचे मासे बारा, तेव्हा एका माशाला १५ ग्रेन. त्या हिशेबाने १०० ग्रेनचे पाते पावणेसात माशांच्या आसपास भरते आणि १२५ चे सव्वाआठ माशांहून किंचित अधिक. आबाजींच्या हातचे एक पाते अजून आमच्याकडे खिळ्यांच्या डब्यात आहे. पिंपळाच्या कोवळ्या पानासारखे लांबट, मध्ये बारीक कणा, मागे काडीत खुपसायला शेपूट. मी ते रामटेकला सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहिले तर साडेआठ ग्रॅम भरले, म्हणजे १३१ ग्रेन. आबाजींनी काटा कधी वापरला नव्हता. पाते तळहातावर ठेवून हात दोनदा वरखाली करायचा, एवढेच त्यांचे वजनमाप होते.

ही पाती त्यांनी करणे बंद केले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर. मी तेव्हा आठेक वर्षांचा असेन. कायदा वाचून दाखवायला कोणी आले नव्हते. पाते मागायला येणारी माणसे हळूहळू येईनाशी झाली आणि कोळशाची चित्रे फरशीवरून पुसली गेली. आज आमच्या शिवारात चितळाचा कळप हरभरा खाऊन जातो, रोही म्हणजे नीलगाय तुरीत उभी राहते, रानडुकरे भुईमूग उकरतात, आणि त्यांच्यावर बाण उचलणे हा गुन्हा आहे. तो असावा हेच मला योग्य वाटते. विस्कॉन्सिनचे गणित वेगळे आहे. तिथे मोठी शिकारी जनावरे बव्हंशी संपली, हरणे बेसुमार वाढली. धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा स्वतंत्र हंगाम त्या राज्याने १९३४ सालीच सुरू केला होता. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे शिकारीचे शिक्षण पुरे केल्याशिवाय परवाना मिळत नाही. इकडे आबाजींची पाती संपली आणि तिकडे त्यानंतर जन्मलेल्यांना पात्यांची शाळा लागू झाली, हा नुसता योगायोग आहे. पण आमच्या घरात तो दोन्ही टोकांनी येऊन पोहोचला.

बाणाने जनावर मरते कसे, हे ज्याला समजले त्यालाच पाते निवडता येते. रायफलच्या गोळीत साधारण तीन हजार जूल ऊर्जा असते आणि ती आत शिरताना भोवतालचे मांस फाडत, हादरवत जाते. भाच्याचा बाण पात्यासकट २७ ग्रॅमचा, वेग सेकंदाला ८० मीटर. मी वहीवर हिशेब मांडला तेव्हा ८६ जूल आले. अडीच किलोचा घण साडेतीन मीटर उंचीवरून पडला तर ऐरणीवर जेवढा जोर येईल तेवढाच हा. एवढ्या जोरात हरीण खाली पडत नाही. कधी कधी तर त्याला आपल्याला काही लागले हेही लगेच उमगत नाही, ते दचकून धावते आणि थांबून मागे पाहते. बाण मारतो तो चिरून. दोन्ही फुप्फुसांतून पाते आरपार गेले, मोठ्या रक्तवाहिन्या तुटल्या, की रक्तदाब उतरतो आणि काही सेकंदांत, शंभरेक मीटरच्या आत, जनावर कोसळते. म्हणजे जोराचे काम पात्याला योग्य जागी पोहोचवण्यापुरते. पुढचे सगळे काम धारेचे.

भाच्याच्या फोटोतले पहिले पाते उघडणारे होते. त्याच्या दोन्ही पाकळ्या दांड्याला चिकटून मिटलेल्या असतात, बाण लागताच त्या मागे रेटल्या जाऊन उघडतात आणि दीड-दोन इंच रुंद चीर पाडतात. त्याचे मोठे सुख म्हणजे ते हवेत सरावाच्या साध्या टोकासारखेच उडते. स्थिर पात्याचे तसे नाही. बाणाच्या शेंड्यावर उघडी पाती म्हणजे शेंड्यावर लावलेले पंखच. मागची पिसे बाणाला सरळ ठेवू पाहतात आणि पुढची पाती त्याला आपल्याकडे वळवू पाहतात, आणि धनुष्य जरा जरी नीट जुळवलेले नसले तरी ही ओढाताण वीस मीटरवर चार बोटांचा फरक पाडते. म्हणून स्थिर पाते लावणाऱ्याला धनुष्य जुळवत बसावे लागते, सरावाचे टोक आणि पाते एकाच जागी लागेपर्यंत संध्याकाळी घालवाव्या लागतात. उघडणारे पाते हा वेळ वाचवते. मात्र उघडण्यासाठी लागणारा जोर ते त्याच ८६ जूलांतून काढून घेते, आणि रुंद चीर पाडायला लागणारा जोरही त्यातूनच जातो. मऊ बरगड्यांमध्ये लागले तर त्याची बरोबरी नाही, जखम मोठी आणि रक्ताचा माग आंधळ्यालाही दिसेल असा. हाडावर लागले, किंवा फार तिरपे लागले, की खर्च केलेला जोर परत मागता येत नाही.

दुसरे पाते तीन धारांचे, स्थिर, सव्वा इंच रुंद, धारा बदलता येणारे. ते मधल्या वाटेचे आहे आणि त्याच्याविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही नाही. तिसरे दोन धारांचे, अखंड पोलादाचे, १२५ ग्रेनचे. तो फोटो मी मोठा करून पाहिला, मग खिळ्यांचा डबा काढला आणि आबाजींचे पाते मोबाईलच्या शेजारी ठेवले. शेपटाच्या जागी आटे होते, एवढाच डोळ्यांत भरणारा फरक.

भाच्याच्या प्रश्नामागे काय होते ते मला ठाऊक होते, कारण दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी त्याच्याकडे महिनाभर राहिलो होतो. ओकची झाडे लाल झाली होती आणि सोयाबीनची कापणी चालू होती, त्यामुळे सकाळच्या हवेला आमच्या शिवाराचाच वास येई. त्या संध्याकाळी तो पंधरा फुटांवरच्या मचाणावर एकटा होता आणि मी घरी पिठले ढवळत होतो. अंधार पडता पडता त्याचा फोन आला, आवाज कुजबुजता. वीस मीटरवर आडवी उभी असलेली मादी, बाण सोडला, पण दोरीच्या आवाजाने ती खाली दबली. यात नवल नाही. ध्वनी सेकंदाला ३४० मीटर जातो आणि बाण ८०. वीस मीटर जायला बाणाला पाव सेकंद लागतो आणि आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचलेला असतो. पळण्यासाठी पायांत जोर घ्यायला हरीण आधी खाली बसते, म्हणून बरगड्यांवर धरलेला नेम वर, खांद्याच्या फऱ्यावर गेला.

आम्ही नियमाप्रमाणे थांबलो, नंतर टॉर्च घेऊन निघालो. रक्ताचे थेंब वाचणे ही तिकडे शिकवली जाणारी विद्या आहे. गुलाबी आणि फेसाळ रक्त असेल तर बाण फुप्फुसात गेला, अर्ध्या तासाने जावे. गडद आणि दाट असेल तर यकृतात, तीन-चार तास दम धरावा. हिरवट, घाण वास येणारे असेल तर पोटात, मग रात्र जाऊ द्यावी, कारण मागे लागले की ते जनावर मरता मरता मैलभर जाते. आम्हाला मिळाले ते यांपैकी कोणतेच नव्हते. लाल, पातळ, मांसातले रक्त, दोनशे पावलांपर्यंत थेंब थेंब, मग एका पानावर एक, मग काही नाही. बाण वाटेतच मोडून पडलेला सापडला. आत गेलेला भाग चार बोटांहून जास्त नव्हता, आणि पात्याची एक पाकळी मुळापासून वाकली होती. दुसऱ्या दिवशी सुटी काढून आम्ही अंधार पडेपर्यंत ओढा, बांध आणि झुडपे शोधली. हरीण मिळाले नाही. फऱ्यावरची जखम भरून ती जगलीही असेल. खांद्यात लागलेली हरणे बरेचदा वाचतात असे भाच्याच्या शेजाऱ्याने सांगितले, आणि ते खरे असावे अशी माझी इच्छा आहे.

भाच्याने तेव्हा त्या पात्याला दोष दिला नाही आणि मीही देत नाही. फऱ्याच्या मधोमध उभा कणा असतो, तिथे अखंड पोलादाचे पातेही अडकले असते किंवा आरपार गेले असते, हे त्या रात्री तिथे नसलेल्या पात्याविषयी कोण सांगणार? पण त्या रात्री जेवताना तो एक वाक्य बोलला ते माझ्या मनात राहिले. "मामाजी, चूक माही होती नं, भोगली तिनं." तेव्हापासून मला असे वाटते की प्रत्येक पाते माणसाच्या एका विशिष्ट चुकीवर पांघरूण घालते आणि दुसरी एक उघडी टाकते. उघडणारे पाते आळशी सरावाला माफ करते, पण हाडाला माफ करत नाही. स्थिर, अरुंद पाते हाडाशी झगडते, पण नेम तीन बोटे चुकला की त्याची चीर अपुरी पडते, आणि जुळवणीची हयगय तर ते अजिबात खपवून घेत नाही. आपली कोणती चूक जास्त वेळा होते हे प्रामाणिकपणे ओळखायचे, आणि ती जनावराच्या अंगावर पडणार नाही असे पाते शोधायचे. हे दुकानदाराला विचारून कळत नाही.

धारेविषयी मात्र मला खात्रीने बोलता येते. डबीतून काढलेले नवे पाते धारदार असते असे लोक समजतात. भाच्याकडे मी ती सगळी तपासली आणि दोन पाती पुन्हा पाजवायला लावली. तिकडची परीक्षा अशी की एक रबरबँड ताणून धरायचा आणि पाते त्यावर नुसते टेकवायचे. ते दाबावे लागले तर धार नाही. आबाजी हातावरचे केस काढून पाहत. बोथट पाते रक्तवाहिनीला चिरत नाही, चेंगरून बाजूला सारते, आणि चेंगरलेली वाहिनी आखडते, तिच्यात रक्त लवकर गोठते. जनावर मग दूर जाते आणि सावकाश मरते. त्याच त्या पात्याने मातीच्या ढिगावर सराव करून पुन्हा तेच शिकारीला नेणारा माणूस म्हणजे लाकडे फोडलेल्या कुऱ्हाडीने दाढी करू पाहणारा न्हावी.

पोलाद किती कठीण असावे हाही आमच्या घरातला जुना वाद. पाणी जास्त बसले की धार टिकते, पण हाडावर चिरकते; कमी बसले की चिरकत नाही, मात्र वळते. आबाजी पाते लाल करून पाण्यात विझवत आणि नंतर निखाऱ्यांच्या कडेला धरून, घासलेल्या जागेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढेपर्यंत थांबत. रंग जांभळ्याकडे झुकायच्या आत ते पुन्हा विझवायचे. आज कारखान्यात हे काम भट्टीचे तापमान आकड्यांत मोजून होते आणि कठीणपणा डबीवर छापून येतो. एकाच बाजूने उतार दिलेले एक पातेही तिकडे मिळते. ते मांसात शिरताना स्वतःभोवती वळत जाते, त्यामुळे हाड फुटायला मदत होते. मात्र ते ज्या दिशेला वळते त्याच दिशेला पिसांचा पीळ असावा लागतो. हे ऐकून मला बाबांनी पाजवलेला विळा आठवला, डावखुऱ्या मजुरासाठी त्यांनी मुद्दाम उलट्या बाजूने उतार दिलेला.

काट्यांच्या पात्यांना, म्हणजे आत गेल्यावर मागे ओढता येणार नाहीत अशा उलट्या कडा असलेल्या पात्यांना, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत बंदी आहे. अशी पाती असलेला बाण निसटलेल्या जनावराच्या अंगातून कधीच गळून पडत नाही, तो त्याला कुजवत राहतो. भाच्याने हे सांगितले तेव्हा मी त्याला मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातला श्लोक ऐकवला. त्यात युद्धातही कर्णी बाण, विषाचे बाण आणि जळत्या टोकाचे बाण वापरू नयेत असे म्हटले आहे. त्या ग्रंथातले पुष्कळसे काही मला पटत नाही, आणि विदर्भात राहून ते मी वेगळे सांगायला नको. पण कर्णी बाणाविषयीची ती ओळ लिहिणाऱ्याने कधीतरी अडकलेले पाते काढताना पाहिले असावे. धनुर्वेदात पात्यांचे दहा प्रकार मोजले आहेत, आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. यांतला भल्ल म्हणजे आबाजींच्या डब्यातला आणि भाच्याच्या तिसऱ्या फोटोतला, असे मी आपले धरून चालतो. मध्य भारतातले आदिवासी पाखरांसाठी लाकडाचे बोथट टोक वापरत, कारण तिथे चिरायचे नसते, पाडायचे असते.

हे सगळे फोनवर बोलत असताना मला एका गोष्टीची लाज वाटत होती, आणि ती भाच्याला सांगितली नाही. आमच्या भागात पीक वाचवायला म्हणून रात्री शेताभोवती विजेची जिवंत तार सोडतात. तिला चितळ कोणते आणि रोही कोणती हे कळत नाही, मादीच्या पोटात पिल्लू आहे का हे कळत नाही, विदर्भात तिने वाघ मारले आहेत आणि पहाटे शेतावर निघालेली माणसेही. जागलीला जाणारा माणूस डोळे उघडे ठेवून बसतो, हाकारे घालतो, डबे बडवतो, आणि सकाळी निम्मे पीक गेलेले पाहतो. तार सोडणारा घरी झोपतो. त्याला काहीच निवडावे लागत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला माझा भाचा एका हरणासाठी, जे कदाचित त्याच्यासमोर येणारही नाही, पावणेसात मासे की सव्वाआठ मासे याची चर्चा पहाटेच्या वेळी करत होता, आणि आमच्या गावात असे तारेचे बंडल कोणाच्या कोठ्यात पडले आहे ते मला माहीत होते. नंतर मी त्या घरी गेलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. बंडल अजून तिथेच आहे, एवढे खरे.

मी भाच्याला उत्तर दिले ते थोडक्यात. तुझा हात घाईचा आहे आणि सराव भरपूर आहे, तेव्हा सरावाला माफ करणारे पाते तुला नको, हाडाला माफ करणारे हवे, तिसरे लाव. धनुष्य जुळत नसेल तर पहिला आठवडा मचाणावर चढू नको. हरीण तोंड तुझ्याकडे करून उभे असेल तर दोरी ओढू नको, आडवे किंवा थोडे पाठमोरे होईपर्यंत थांब. आणि मान वर करून सावध उभे असेल तेव्हाही नको, ते दबणारच. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पन धार? इकडच्या मशीनीवर मले तुमच्यासारखी जमत नाही."

आमच्या घरी भाच्याच्या पाया पडण्याची रीत आहे, त्याने काही मागितले तर नाही म्हणत नाहीत. आबाजींचा कुरुंदाचा दगड वापरून मधोमध खोलगट झालेला होता. मी त्याची सपाट राहिलेली कड कारागिराकडून कापून घेतली, वीतभर लांब, आणि बाईने, म्हणजे माझ्या बहिणीने, दिवाळीसाठी पाठवायच्या डब्यात चिवड्याच्या आणि अनारशांच्या मध्ये ती कापडात गुंडाळून ठेवली. नागपूरला कुरिअरच्या दुकानात फॉर्म भरताना काउंटरवरच्या पोराने एकेक वस्तू विचारून लिहिली. कापडातले काय आहे म्हणून त्याने विचारले तेव्हा मी सांगितले, दगड.

"काहून काका, तिकडे दगड नाही भेटत काय?" तो म्हणाला, आणि किमतीच्या रकान्यात काय लिहू म्हणून पेन थांबवून माझ्याकडे पाहत राहिला.